शेकर, बार आणि चाकणची पहिली शिफ्ट

पहिली शिफ्ट असली की आमची कंपनीची बस निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून पहाटे ५:३५ ला सुटते. म्हणजे मी ४:४५ ला उठतो. त्या वेळी घशाखाली चहा उतरतो, पोळी उतरत नाही. कॅन्टीनचा नाश्ता ९ वाजता. तोवर पोटात नुसता चहा, आणि ९ वाजता त्याचं उट्टं काढायला दोन वडापाव, वर पुन्हा चहा. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलंही नव्हतं.

जानेवारीत कंपनीच्या मेडिकल कॅम्पमध्ये माझा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मी क्वालिटीत आहे. माप टॉलरन्समध्ये, म्हणजे चालणाऱ्या मर्यादेत आहे पण वरच्या कडेला सरकत चाललंय, असा पार्ट दिसला की काय करायचं हे मला कुणी शिकवायला नको. लॉट थांबवायचा, प्रोसेस बघायची. स्वतःच्या बाबतीत मात्र तो कागद पंधरा दिवस टिफिनच्या पिशवीत घेऊन हिंडलो. शेवटी पिशवी धुवायला काढताना तो बायकोच्या हाती लागला.

मग घरात आठवडाभर चर्चासत्र. मेहुणा म्हणाला, "भावजी, दीक्षितांचं करा, दिवसातून दोनदाच जेवायचं." आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या माणसाची 'दोन वेळ' कुठली, ते काही ठरेना. आई म्हणाली, कारल्याचा रस. बायको कुणाचंच न ऐकता मला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी माझा दिवस नीट विचारून घेतला आणि म्हणाल्या, खरा घोळ पहाटे पाच ते नऊच्या मधे आहे. तेवढी एक वेळ भरून काढा. सकाळी शेक घ्या, नाश्त्याच्या जागी. मोजून कॅलरी, मोजून प्रोटीन, वर जीवनसत्त्वं. मला हे पटलं. मोजून म्हटलं की मला पटतंच.

शेकवर मी सात आठवडे होतो. दोन चमचे पावडर, पाणी, शेकरमध्ये तारेचा गोळा, खडखड खडखड. २०० च्या आसपास कॅलरी, १८ ग्रॅम प्रोटीन. कागदावर एकदम ओके. पण पहाटे साडेचारच्या पुढे तो खडखडाट घरात करायचा म्हणजे मुलगी उठणार, तिची बारावी. म्हणून मी पावडर कोरडीच शेकरमध्ये भरून न्यायला लागलो आणि बसमध्ये पाणी घालायला लागलो. मोशी ओलांडून चिंबळी फाट्याकडे जाताना एका खड्ड्यात शेकरचं झाकण उडालं आणि व्हॅनिला फ्लेवर पुढच्या सीटवर डुलक्या घेणाऱ्या पेंटशॉपच्या काकांच्या मानेवर गेला. ते दचकून उठले, मानेवरून हात फिरवला, वास घेतला आणि म्हणाले, "लस्सी आहे का?"

दुसरं म्हणजे तो वास. शनिवारी शेकर लॉकरमध्ये विसरलो आणि सोमवारी उघडला. याबद्दल अधिक लिहीत नाही. ज्याने केलंय त्याला माहीत आहे.

पण खरी तक्रार वेगळीच होती. शेक चाळीस सेकंदांत संपतो. मी घड्याळ लावून बघितलंय. पोटाला मिळालं असेल, तोंडाला काहीच मिळत नाही. साडेसात वाजता मला भूक लागायची असं नाही. चावायला काहीतरी हवं असायचं. आमच्या इनकमिंग सेक्शनच्या, म्हणजे बाहेरून आलेला माल तपासतात तिथल्या, टेबलावर एक डबा असतो, त्यात कुणाचं तरी फरसाण असतंच. सात आठवड्यांत त्या डब्याचा सगळ्यात मोठा ग्राहक मी झालो. म्हणजे शेक घेऊन मी नाश्ता बदलला नव्हता, नाश्त्यात फरसाणाची भर घातली होती.

बाईंना फोन केला. म्हणाल्या, चावायचं असेल तर बार बघा, पण लेबल वाचून घ्या. हे वाक्य क्वालिटीतल्या माणसाला उद्देशून बोलायला नको होतं.

पुढच्या रविवारी मेडिकलमधून आणि मॉलमधून मिळून नऊ जातींचे बार आणले. सगळे सुटे, एकेक. कुठलाही नवा व्हेंडर आला की आधी सँपल लॉट, मग पुढचं. बिल बघून बायको काही बोलली नाही, फक्त बिल फ्रिजला चुंबकाने लावून ठेवलं. एक बार सरासरी शंभर-सव्वाशे रुपयांना पडला होता. तेवढ्यात कॅन्टीनचा महिनाभराचा चहा होतो.

जेवणाच्या टेबलावर सगळे मांडले आणि वही घेतली. पहिला धडा असा, की 'बार' नावाची एक वस्तू नाहीच. एकाच रॅकवर तीन वेगळ्या जाती शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. एक ओट्स-मधाचा, कुरकुरीत, वेष्टनावर डोंगर आणि सूर्य. एक प्रोटीन बार, काळं वेष्टन, आकडा मोठ्ठा. आणि तिसरा, जेवणाच्या ऐवजी घ्यायचा, ज्यात जीवनसत्त्वं आणि खनिजं मोजून घातलेली असतात. माझ्या नऊपैकी या तिसऱ्या जातीचे फक्त दोन निघाले. बाकीचे सात खाऊ होते. महाग खाऊ.

तपासायला गेज हवं. ते मिळालं. कोडेक्स म्हणजे अन्नाचे आंतरराष्ट्रीय मापदंड ठरवणारी संस्था, तिचं वजन कमी करण्यासाठी जेवणाऐवजी घ्यायच्या पदार्थांचं १९९१ चं मानक आहे. एका वेळच्या जेवणाची जागा घ्यायची तर २०० ते ४०० कॅलरी हव्यात, त्यातल्या २५ ते ५० टक्के प्रोटीनमधून, आणि फॅटमधून ३० टक्क्यांहून जास्त नकोत. हे माझं गो-नोगो गेज, बसला तर पास, नाहीतर नापास. प्रोटीन गुणिले चार, फॅट गुणिले नऊ, भागिले एकूण. डोंगर-सूर्यवाला बार ४० ग्रॅमचा, १७० कॅलरी, प्रोटीन ४ ग्रॅम. म्हणजे प्रोटीनमधून जेमतेम साडेनऊ टक्के. नोगो. काळ्या वेष्टनातला ६० ग्रॅमचा, २१७ कॅलरी, प्रोटीन २० ग्रॅम, म्हणजे ३७ टक्के, छान. पण फॅट ८ ग्रॅम, म्हणजे ३३ टक्के. किंचित बाहेर. आमच्याकडे असा लॉट 'डेव्हिएशन'वर, म्हणजे फरक माहीत असूनही परवानगी काढून, घेतात. तसा मीही घेतला, आणि त्याचं फळही मिळालं. ते पुढे सांगतो.

एका बारने मला सरळसरळ गंडवायला बघितलं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात कॅलरी १०५. मागे बारीक अक्षरात, एक सर्व्हिंग ३० ग्रॅम. बार ६० ग्रॅमचा. अर्धा बार खाऊन उरलेला परत गुंडाळून ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

घटकांची यादीही वाचली. कायद्याने ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, जे जास्त ते आधी. पण साखर एकाच नावाने घातली तर ती यादीत वर येते. म्हणून कुठे ग्लुकोज सिरप, कुठे मध, कुठे डेक्स्ट्रोज, कुठे तपकिरी साखर, अशी चार नावांनी वाटून घातली की प्रत्येक नाव खाली सरकतं आणि वर ओट्स राहतात. आमच्याकडे एकाच दोषाची चार नावं करून चार रकान्यांत लिहिली की पॅरेटो चार्ट, म्हणजे दोष मोठ्यापासून लहानापर्यंत मांडणारा तक्ता, असाच गोंडस दिसतो. मी ते लगेच ओळखलं, कारण तरुणपणी मीही ते केलेलं आहे.

मग प्रत्यक्ष ट्रायल. पहाटे ५:५० ला बसमध्ये बार, वर अर्धी बाटली पाणी, आणि ७:५० ला बोट टोचून साखर. ग्लुकोमीटर आईचा. ती म्हणाली, "घेऊन जा, पण माझ्या पट्ट्या संपवू नकोस, वीस रुपयांना एक पडते." हे एकाच माणसाच्या बोटातले आकडे आहेत, तेवढाच त्यांचा अर्थ घ्या. शेकवर मला १२५-१३० यायचे. ओट्स-मधाच्या बारवर १७१. काळ्या वेष्टनावर १३६. 'जेवणाऐवजी'च्या दोनपैकी एकावर १३२, दुसऱ्यावर १४८.

खाण्याचा वेळ मात्र बदलला. ६० ग्रॅमचा बार खायला मला चार-साडेचार मिनिटं लागतात. आणि फरसाणाच्या डब्याकडे हात गेला नाही. पहिल्या आठवड्यात तीन दिवस तर आठवणही आली नाही. घन पदार्थाने द्रवापेक्षा जास्त पोट भरल्यासारखं वाटतं असं आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या. माझ्या मते चावण्याला निम्मं श्रेय द्यायला हवं.

चवीचं सांगायचं तर पहिल्या घासाला सगळे चॉकलेट असतात. तिसऱ्या घासाला ते दाताला चिकटतात. पाचव्या घासाला मागून एक थंडगार गोडी येते, साखरेची नव्हे, दुसऱ्याच कशाचीतरी, आणि ती कुरुळी गाव येईपर्यंत तोंडातून जात नाही. सोयाचे कुरमुरे घातलेले बार त्यातल्या त्यात बरे. नुसत्या व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रोटीनचा, बार म्हणजे खोडरबर.

आता त्या 'डेव्हिएशन'चं फळ. एप्रिलमध्ये कस्टमर ऑडिट, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीची तपासणी होती. बसमध्ये काळ्या वेष्टनातला एक बार खाल्ला. नऊला कॅन्टीनला जायला मिळालं नाही, कारण ऑडिटर साहेबांना आल्या आल्या इनकमिंगच बघायचं होतं. म्हणून उभ्या उभ्या दुसरा बार. अकराच्या सुमारास पोटात असा काही गडगडाट सुरू झाला की शेजारी उभ्या असलेल्या मॅनेजरनी कॉम्प्रेसरकडे वळून बघितलं. पुढच्या दोन तासांत मी ऑडिट सोडून तीनदा गेलो. तिसऱ्यांदा परत आलो तेव्हा ऑडिटर म्हणाले, "तुम्ही खूप टेन्शन घेता."

घरी येऊन लेबल परत वाचलं. 'साखर २ ग्रॅम' हे मी पाहिलं होतं. त्याच्या खाली 'पॉलिऑल १३ ग्रॅम' हे पाहूनही सोडून दिलं होतं. पॉलिऑल म्हणजे इथे माल्टिटॉल. साखरेसारखं गोड, पण आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही. उरलेलं पुढे जातं, पाणी ओढून घेतं, आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचा गॅस करतात. दोन बार म्हणजे २६ ग्रॅम. वर त्याच बारमध्ये फायबर म्हणून चिकोरीच्या मुळाचं इन्युलिन, तेही गॅसचंच गिऱ्हाईक. आणि वेष्टनाच्या घडीत, चिकटवलेल्या पट्टीच्या खाली अर्धं झाकलेलं वाक्य, पॉलिऑलमुळे जुलाब होऊ शकतात. हे लिहिणं आपल्याकडे बंधनकारक आहे आणि त्यांनी ते लिहिलंही होतं. न वाचणारा इन्स्पेक्टर मीच.

यानंतर घरच्या बारची लाट आली. ही कल्पना बायकोची, आणि मला वाटलं होतं की गोष्ट इथे संपणार. घरचं ते घरचं, बाजारचं ते बाजारचं. पहिली बॅच खजूर, शेंगदाणे, ओट्स आणि वेलची. ट्रेमध्ये थापून सुरीने कापले. दिसायला दुकानापेक्षा देखणे, चव तर विचारू नका, मुलीने अभ्यास करता करता चार संपवले. बसमध्ये खाल्ला, ७:५० ला टोचलं, १६८. खजुराच्या वजनात जवळजवळ दोन तृतीयांश साखरच असते. नैसर्गिक असते हे खरं, पण ग्लुकोमीटरला ते कळत नाही.

दुसऱ्या बॅचला खजूर निम्म्याहून कमी केला आणि फुटाण्यांचं पीठ, दाण्याचं कूट, दुधाची पावडर वाढवली. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन, फुटाण्यात २० च्या आसपास, साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत ३५. आकडे सुंदर. ट्रेमधून काढताना मात्र पहिला बार मोडला, दुसरा मोडला, तिसऱ्याचा भुगा झाला. तिसऱ्या बॅचला थोडा गूळ घातला, तरी मोडले. चौथ्याला गूळ वाढवला, मग बार उभा राहिला आणि साखरही चढली. आई हे सगळं सोफ्यावरून बघत होती. म्हणाली, "अरे, त्याला पाक नको म्हणतोस आणि वडी पडायला हवी म्हणतोस. कसं व्हायचं?"

मी हातातली सुरी खाली ठेवली. एकोणीस वर्षं रूट कॉज शोधतोय आणि हा मला आईने काढून दिला. बार मोडू नये म्हणून त्याला काहीतरी बांधून ठेवणारं लागतं. चिक्कीत ते काम गुळाचा पाक करतो, ओट्सच्या बारमध्ये ग्लुकोज सिरप आणि मध. साखर नको म्हटलं की त्या जागी माल्टिटॉलचं सिरप येतं, मऊ राहावा म्हणून ग्लिसरीन येतं, फायबरचं सिरप येतं. म्हणजे त्या दिवशी ऑडिटमध्ये माझी जी धावपळ झाली ती प्रोटीनमुळे नाही, गोडीमुळेही नाही. वस्तूला सरळ कडा हव्यात म्हणून. ड्रॉइंगमधला आकार बदलायचा नाही आणि मटेरियल मात्र बदला, असं डिझाइनवाल्यांनी सांगितलं की असंच होतं.

मग आकारच सोडला. तेच मिश्रण, खजूर नाही, गूळ नाही, डबीत भरलं आणि चमचा घेतला. आणि इथे मी एक मूर्खपणा केला तो सांगायलाच हवा, नाहीतर सगळं फारच शहाण्यासारखं वाटेल. इंद्रायणीच्या पुलावर, धावत्या बसमध्ये, फुटाण्यांचं कोरडं पीठ तोंडात घेतलं आणि तेवढ्यात बस आदळली. असा ठसका लागला की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. पेंटशॉपच्या काकांनी पाठीत बुक्के मारले. गेल्या वेळचा हिशेब त्यात धरलेला असावा, कारण बुक्के जरा जास्तच होते. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "लस्सीच बरी होती की तुमची."

सध्या असं चाललंय. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात बसमध्ये अर्धा बार, 'जेवणाऐवजी'वाल्यांपैकी १३२ वाला, आणि हो, उरलेला अर्धा मी परत गुंडाळून ठेवतो. वर म्हटलेला तो माणूस आता मीच आहे. नऊला कॅन्टीनमध्ये डबीतलं पीठ दह्यात कालवून, वर हिरवी मिरची आणि मीठ. शेजारचे आधी हसायचे, आता दोघं जण डबी आणतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात बार नाहीच, घरी बसून पोहे किंवा भाकरी खातो; पोहे करायला माणसं जागी असताना सव्वाशे रुपयांचं पाकीट कशाला फोडायचं? शेकचा डबा शिल्लक आहे. आजारी पडलो, घास उतरत नसला तर तो कामाचा आहे. शेकरही मी घासून ठेवलाय, झाकण उघडं ठेवून.

माझं वजन ७८ किलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने किलोला ०.८३ ग्रॅम म्हणजे दिवसाला ६५ ग्रॅम प्रोटीन. वहीत मांडून बघितलं तर वरण, दही, उसळ आणि ती डबी धरून मी त्याच्या आसपास पोचतो. ऑगस्टमध्ये एचबीए१सी ५.८ आला. याचं श्रेय मी बारला देत नाही. याच काळात वडापाव आठवड्याला दहाचे दोन झाले, आणि दुसऱ्या शिफ्टला निघण्याआधी मी तासभर चालायला लागलो. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्यावर कुठल्या बदलाने दोष गेला हे सांगणारा रिपोर्ट माझ्या टेबलावर आला असता तर मी तो परत पाठवला असता.

एक गोष्ट राहिली. मे महिन्यात १२ बारचा एक खोका निम्म्या किमतीत मिळाला म्हणून घेतला होता. घरी आल्यावर पॅकिंगची तारीख बघितली, सात महिन्यांपूर्वीची. मुदत नऊ महिन्यांची, म्हणजे नियमाने ठीक. पण चावला तर दाताला धक्का बसला. प्रोटीनचे बार ठेवून ठेवून कडक होतातच. आतलं पाणी सिरपमधून प्रोटीनकडे सरकतं आणि प्रोटीन एकमेकांना धरून बसतं, आणि उन्हाळ्यात हे लवकर होतं. मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी एक ताजा आणि एक जुना घेऊन रबर लॅबमध्ये गेलो. लॅबवाले काका म्हणाले, "कॅलिबरेटेड गेज आहे, त्याला चॉकलेट लावायचं नाही." म्हणून पातळ पॉलिथिनमध्ये गुंडाळून शोअर-एचं, म्हणजे रबराचा कडकपणा मोजायचं, गेज टेकवलं. ताजा ३०. जुना ६५. गाडीच्या टायरचं रबर साधारण एवढंच असतं.

काकांनी तो जुना बार परत दिला नाही. त्याला लाल टॅग लावला, 'रिजेक्टेड', तारीख, सही, आणि खिडकीजवळच्या कागदांवर ठेवला, वाऱ्याने उडतात म्हणून. तो अजून तिथेच आहे. गेल्या सोमवारी नवीन अप्रेंटिस आला. त्याने तो उचलला, उलटसुलट केला, व्हर्निअर लावून जाडी घेतली आणि अगदी गंभीरपणे मला विचारलं, "सर, हा कुठल्या व्हेंडरचा पार्ट आहे? ड्रॉइंग सापडत नाहीये."